शेजारचं माहेर

आमच्या शेजारची द्वारकाकाकू घरच्या घरी रीती तयार करायची. कुणाचं लग्न असो, कुणाचं बारसं असो, कुठं काही अडलं की काकू पदर खोचून पुढं व्हायची आणि म्हणायची, “अशी रीतच हाय आपल्यात.” ती रीत त्याआधी गावात कुणी पाळलेली नसायची, ऐकलेलीही नसायची. पण काकू इतक्या ठामपणे बोलायची की समोरचा माणूस आपल्यालाच काही माहीत नाही म्हणून वरमायचा. लोह्याजवळच्या आमच्या गावात भटजींपेक्षा तिचा शब्द चालायचा. भटजींना निदान पोथी उघडून बघावी लागायची.

एकदा गल्लीतल्या एका लग्नात मुलीकडच्या बायका सकाळपासून उपाशी होत्या आणि वरपक्षाच्या पंगती उठायचं नाव घेईनात. काकू खरं तर वरपक्षाकडची पाहुणी. पण तिने वाढप्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि जाहीर केलं, “नवरीच्या मायनं घास घेतल्याबिगर नवरदेवाला अक्षता लागत न्हाईत, अशी रीत हाय.” नवरदेवाचा मामा उदगीरचा होता. तो म्हणाला, “आमच्यात अशी रीत न्हाई.” काकूने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “न्हाई? मग तुमच्यात हाय तरी काय?” मामा निमूटपणे सरकून बसला आणि नवरीच्या आईला पाट मिळाला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मी नवी स्कूटर घेतली तेव्हा काकूने तिला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नव्या गाडीवर आधी गल्लीतली म्हातारी बाई बसवून तिला लोह्याच्या बाजारला फिरवून आणायची रीत असल्याचं सांगितलं. गल्लीत तेव्हा म्हातारी म्हणण्याजोगी बाई तीच होती. माझी आई तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, पण आईला म्हातारी म्हणायची कुणाची छाती नव्हती.

काकू उंच, सडपातळ, आवाजाने खणखणीत. गळ्यात तुळशीची माळ. नवरा लवकर गेला, तेव्हापासून सोयाबीन आणि हळदीचं रान तिने एकटीने सांभाळलं. तिच्या घराचा उंबरा अंड्याच्या टरफलानेही कधी ओलांडला नव्हता. मुलगा एकच, दत्ता. तो जेसीबी चालवायला हैदराबादेला गेला आणि तिकडून बायको घेऊन आला. मिनती तिचं नाव. मूळची ओडिशाची. हैदराबादेत कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची.

दत्ता तिला घेऊन आला त्या दिवशी निम्मं गाव काकूच्या दारात जमलं होतं. काकू आता काय करते, ते बघायला. काकू बाहेर आली. तिने मिनतीचं नाव विचारलं, मग जमलेल्या गर्दीकडे बघितलं. “लांबून आलेल्या लक्षुमीला उंबऱ्याभाईर ताटकळत ठिवायची रीत न्हाई,” ती म्हणाली. “ये बाई, हातपाय धू.” गर्दीचा फार हिरमोड झाला.

मिनतीने मनाशी पक्कं ठरवलं होतं की आपण ह्या लोकांसारखं व्हायचं. पहिले काही दिवस ती भाकरी कमी आणि नकाशे जास्त करत होती, पण दिवाळीपर्यंत तिची भाकरी तव्यावर टम्म फुगायला लागली. डोक्यावरचा पदर ढळेना. मराठी तर तिने आमच्याच ढंगाची उचलली, ‘करून राहिले, जाऊन राहिले’सकट. भात सोडला. मासळीचं नाव सोडलं. काकू जेवल्याशिवाय जेवायची नाही, आणि सगळ्यांचं उरकून तिच्यापर्यंत ताट यायचं तेव्हा भाजी संपलेली असायची. मग चटणी, भाकरी आणि वर कपभर चहा. काकूबरोबर एकादशी धरायला लागली, संकष्टी धरायला लागली. आणि काकू गावभर सांगत सुटली, “माझी सून आमच्यापरीस आमची झालीय. हितल्या पोरींनी शिकून घ्यावं.”

मिनतीला दिवस गेले तेव्हा गल्लीतल्या बायका सल्ला द्यायला धावल्या. भात थंड, पोटातल्या बाळाला सर्दी होते. पोटुशीने पोटभर खाऊ नये, बाळ मोठं होतं, मग अडतं. सरकारी गोळ्यांनी तर हमखास मोठं होतं. मिनती सगळ्यांचं ऐकायची. परमुलखातून आलेली माणसं असं सगळ्यांचं ऐकतात. आपलं काही चुकलं तर ‘शेवटी परकीच’ म्हणतील, ही त्यांना धास्ती असते. उपासही तिने सोडले नाहीत. काकू ‘नको’ म्हणायची, पण तिच्या ‘नको’त थोडं कौतुक मिसळलेलं असायचं आणि मिनतीला ते कौतुक बरोबर ऐकू यायचं.

एक दिवस आई भिंतीवरून बघत मला म्हणाली, “पोट तेवढं दिसून राहिलं. पोरगी कुठं गेली?”

काकूच्याही ते ध्यानात आलं होतं. दत्ता तेव्हा नांदेडला कामाला होता, म्हणून तिने मला बरोबर घेतलं आणि आम्ही तिघं जीपने लोह्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टर बिलोलीकडच्या होत्या. बोलायला तिखट, हाताने मऊ. त्यांनी मिनतीला तपासलं, मागचं-पुढचं बघितलं आणि काकूला समोर बसवलं.

“मावशी, पोरीचं वजन मागच्या खेपेला होतं तिथंच हाय. रक्त उतरलंय. बाळ वाढाय पाहिजे तेवढं वाढंना. असंच चाललं तर बाळ आधीच येईल आन् हडकुळं येईल. दोघांच्याबी जिवाला घोर हाय.”

“खाती की ती,” काकू म्हणाली. “सगळं आमच्यावानीच खाती.”

“तेच तर,” सिस्टर म्हणाल्या. मग मिनतीकडे वळून त्यांनी हिंदीत विचारलं, “माँ के घर क्या खाती थी?”

मिनतीने काकूकडे बघितलं. काकू म्हणाली, “सांग. इचारून राहिल्यात तर सांग.”

मिनती सांगायला लागली. सकाळी पखाळ, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवलेला, थोडा आंबूस, वर कांदा-मिरची. दुपारी डाळ, भात आणि तळ्यातले छोटे मासे, मोहरी वाटून केलेले. तिने बोटाने माशाची लांबी दाखवली. शेवग्याचा पाला लसूण घालून परतलेला. तिच्या गावात गरोदर बाईच्या ताटात माशाचं डोकं वाढतात, बाकी कुणी त्यावर हक्क सांगत नाही. ती हाताने दाखवत होती, हसत होती. लग्न होऊन आल्यापासून तिला एवढं सलग बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग तिला काकूच्या गळ्यातली माळ दिसली असावी. तिने पदर पुढं ओढला आणि म्हणाली, “पर अब आदत छूट गई. मला भाकर चालतीय.”

“आन् गोळ्या?” सिस्टरांनी विचारलं.

मिनतीने खाली बघत मान हलवली. गोळ्या तिने कधीच बंद केल्या होत्या. सिस्टर तिला रागावल्या आणि काकूला त्याहून जास्त रागावल्या. काकूला कुणी रागावलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

परत येताना जीपमध्ये, गावाजवळ आल्यावर काकू हळू आवाजात म्हणाली, “मध्या, मी गावभर टिमकी वाजवत फिरले की सून आमच्यापरीस आमची झाली. ती आमची होऊ होऊ वाळून गेली की रं.”

मी म्हटलं, “मग करू दे की तिला घरात मासे.”

काकूने माळेला हात लावला. “ही गळ्यात हाय तवर माझ्या चुलीवर ते चढायचं न्हाई. आन् चढवलं तरी ती माझ्याम्होरं खायची न्हाई. मी पोटभर जेव म्हणलं तरी आधी माझं ताट बघती. सासूच्या घरात सुनंच्या नरड्याखाली घास उतरत न्हाई, ते मला काय ठावं न्हाई का? मीबी सूनच होते.”

एरवी आमची दोन घरं भिंतीवरूनच बोलायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्या पुढच्या दाराने आली. ठेवणीतलं लुगडं, हातात ताट, ताटात नारळ, खण आणि तांदूळ. आई तेव्हा शेवग्याचा पाला झाडत होती. ह्या शेवग्यावरून दोघींचं वर्षानुवर्षं वाजत होतं, कारण झाड आमचं आणि पाला काकूच्या अंगणात. आईला वाटलं, आज हे भांडण वाजतगाजत होणार.

काकू ओट्यावर बसली. “सातवा लागला,” ती म्हणाली. “पैल्या बाळंतपणाला सुनंला माहेरी धाडायची रीत हाय.”

“ते हाय,” आई म्हणाली. “पर ओडिशाला? सिस्टर तर परवास नगं म्हणल्या म्हणं.”

“ओडिशाला कशापायी? ज्या सुनंचं माहेर दोन दिसाच्या वाटंवर असतंय, तिचं माहेर शेजारच्या घरी धरतेत. अशी रीतच हाय आपल्या गावात.”

आईने झाडू खाली ठेवला. “कवापसून?”

“आज्ज्या-पणज्यापसून. तुला ठावं नसंल. तू लोह्याची.”

माझी आई लग्न होऊन ह्या गावात आली त्याला पन्नासएक वर्षं होऊन गेली असतील. लोहा इथून हाकेच्या अंतरावर. पण काकूच्या लेखी ती अजून बाहेरचीच होती. काकूने पुढची कलमं सांगितली. माहेरी काय शिजतं, लेक काय खाते, किती वाजता उठते, हे सासूने विचारायचं नसतं आणि बघायचंही नसतं. विहीण म्हणून यायचं ते ओट्यापर्यंत. उंबरा ओलांडायचा नाही. मग तिची नजर माझ्यावर आली. “आन् बहिणीला बाजारातून लागंल ते आणून द्यायचं काम भावाचं.” मला शाळेला उशीर होत होता, तरी मी तिथंच बसलो. ‘लागेल ते’ म्हणजे काय, ते मला कळलं होतं.

माझी बायको मुलीच्या शिकवणीसाठी लातूरला खोली करून राहत होती, त्यामुळे आमच्या घरात आई आणि मी दोघंच. मधली खोली मिनतीला दिली. त्याआधी काकूने तिच्या खऱ्या आईला मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावायला लावला. तिकडे एक सुरकुतलेला, हसरा चेहरा दिसला, मागे नारळाची झाडं. काकूला ओडिया येत नव्हती, त्या बाईंना मराठी येत नव्हती. काकू सरळ मराठीत म्हणाली, “विहीणबाई, तुमच्या नावानं तुमची लेक शेजारी ठिवून राहिले. फिकीर करू नका.” तिकडून बाई काहीतरी लांबलचक बोलल्या. काकू मान डोलावत म्हणाली, “हाव, हाव, बराबर हाय.” मिनतीने एकीचंही दुसरीला सांगितलं नाही. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

माहेरच्या पहिल्या सकाळी मिनती अंधारात उठली आणि आमचं अंगण झाडायला लागली. आईने जाऊन झाडू हिसकावला. “माहेरी आलेल्या पोरी झाडू धरतेत व्हय? जा, नीज.” मिनती जाऊन पडली, पण दचकून पुन्हा उठली. तिला निजायला शिकवण्यातच आईचे पहिले आठ दिवस गेले. शिकल्यावर मात्र ती अशी झोपायची की मी शाळेला निघालो तरी मधल्या खोलीचं दार लोटलेलंच असायचं.

मासे आणायचं काम मी केलं. आमच्या घरी सणावारी मटण शिजतं, पण मासा कधी आलेला नव्हता. लोह्याच्या बाजारात धरणातले मासे घेऊन बसणाऱ्या बाईसमोर मी उभा राहिलो आणि बोटाने लांबी दाखवली. तिने विचारलं, “कोणता देऊ, गुरुजी?” मी म्हटलं, “बाळंतपणाचा.” ती मनापासून हसली आणि तिने निवडून दिले. त्यानंतर माझ्या स्कूटरच्या डिकीचा वास काही जाईना. वर्गातली पोरं माझ्या डब्याकडे संशयाने बघायला लागली.

पहिल्यांदा मासे शिजले तेव्हा आई नाकाला पदर लावून ओट्यावर जाऊन बसली. दुसऱ्या खेपेला तिने ‘निस्तं कालवण’ चाखून बघितलं. तिसऱ्या खेपेला मी घरी आलो तर ती मिनतीशेजारी बसून काटे काढत होती आणि मोहरी आणखी बारीक वाटायला हवी होती असं तिचं मत पडत होतं. शेवग्याचा पाला आता अंगणात पडेना. तो कढईत जायला लागला. वारा काकूच्या घराकडे असला की वास भिंत ओलांडून जायचा. काकू तिच्या अंगणातून मोठ्याने म्हणायची, “आज तुळस लई दरवळून राहिली बाई.” मिनतीला तेव्हा इतकं हसू यायचं की हातातला घास खाली ठेवावा लागायचा.

संध्याकाळी काकू विहीण म्हणून यायची. ओट्याच्या अगदी कडेला बसायची आणि घसा खाकरायची. आईला ह्या मानाची मोठी गोडी लागली होती. ती आतून लवकर बाहेर यायचीच नाही. आली की म्हणायची, “या, विहीणबाई. च्या घेता का?”

“घेईन. पर येवढा उशीर? आमच्यात विहिणीला ताटकळत ठिवायची रीत न्हाई.”

“आमच्या लोह्यात हाय,” आई म्हणायची.

दत्ता सुट्टीला यायचा तो आता आमच्या घरी जावई म्हणून. लहानपणी हा पोरगा आमच्या फडताळातला गूळ चोरून पळायचा. आता आई त्याला पाट मांडून वाढायची आणि तो लाजून अर्धपोटी उठायचा. एकदा त्याने काकूकडे तक्रार केली की बायकोशी दोन शब्द बोलायचे तर ओट्यावर सगळ्यांसमोर बसून बोलावं लागतं. काकू म्हणाली, “मग बोल की सगळ्याम्होरं. चांगलं बोलशील.”

पण काकूला ते सोपं नव्हतं. एकदा मी शाळेतून येताना ती भिंतीला टेकून उभी दिसली. आतून मिनतीचा आवाज येत होता. ती ओडियात काहीतरी गात होती, आई मधूनच बेसूर साथ देत होती. काकूने मला बघितलं आणि विचारलं, “रोज गाती का?” मी म्हटलं, “हाव.” ती म्हणाली, “माझ्या घरात कवा गायली न्हाई.” तिच्या आवाजात राग नव्हता, हेवा मात्र होता. मला तिच्याविषयी फार माया वाटली. स्वतःची सून स्वतःच्या हाताने शेजाऱ्याला देऊन ती बाई भिंतीआड उभी राहून तिचं गाणं ऐकत होती.

पुढच्या तपासणीला आई बरोबर गेली. काकू गेली नाही, रीत नव्हती. गोळी खाताना आई रोज मिनतीसमोर पाणी घेऊन उभी राहायची, त्यामुळे ती काळजी उरली नव्हती. सिस्टरांनी तपासून बघितलं आणि त्यांच्या कपाळावरचा आठ्यांचा पट सुटला. रक्त चढलं होतं, बाळाने चांगली उचल खाल्ली होती. “काय केलं?” त्यांनी विचारलं. आई म्हणाली, “काय न्हाई. माहेरी आणलं.”

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. गाडी बोलावली. आई आणि मिनती आत बसल्या, मी पुढं. काकू तिच्या दारात उभी होती. मी हाक मारली तर म्हणाली, “पैलं बाळंतपण माहेरचं. सासूनं जायची रीत न्हाई.” असं म्हणताना तिने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. गाडी वळेपर्यंत ती तशीच होती.

दवाखान्यात वेळ जाईना. आतून मिनतीचा आवाज यायचा. आधी ती ‘बोऊ, बोऊ’ म्हणत होती. तिच्या भाषेत आईला बोऊ म्हणतात, एवढं मला तोवर माहीत झालं होतं. मग काही वेळाने आई घाईने बाहेर आली. तिचा चेहरा पडलेला होता. मी घाबरलो.

“द्वारकीला बोलीव,” आई म्हणाली. “पोरगी थकून गेली. मी हात धरून राहिले तर तिचं ध्यानच न्हाई. ‘आत्याबाई, आत्याबाई’ करून राहिली.”

मी फोन लावला. पहिल्याच घंटीला काकूने उचलला.

“काकू, ये.”

“मध्या, तशी रीत न्हाई रं...”

“ती तुला बोलावून राहिली.”

“काय म्हणून राहिली?”

“आत्याबाई म्हणून राहिली.”

फोन तसाच चालू राहिला. मला तिची धावती पावलं ऐकू आली, मग रस्त्यावर कुणाला तरी मारलेली हाक आणि जीपचा आवाज. ती आली तेव्हा पायात चप्पल नव्हती.

दारात सिस्टरांनी अडवलं. “आत एकच बाई थांबंल. तुम्ही कोण?”

“सासू.”

“आन् आत हायत त्या?”

“त्या माय.”

“मग दोघींतली एकच.”

काकूला धाप लागली होती, तरी आवाज नेहमीचाच निघाला. “कळा लागल्यावर सासू आन् माय एकच धरतेत. अशी रीत हाय.”

“आमच्या बिलोलीकडं न्हाई बरं का अशी रीत,” सिस्टर म्हणाल्या. पण त्या दारातून बाजूला झाल्या होत्या.

सूर्य कलता कलता बाळाचं रडणं ऐकू आलं. चांगलं ठणठणीत, भांडकुदळ रडणं. दत्ता नांदेडहून तेवढ्यात पोचला होता. सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “पोरगी हाय. वजन चांगलं भरलं. मायबी चांगली हाय.” त्यांच्या मागून काकू आली. मी वाट बघत होतो की ती आता काहीतरी रीत सांगेल. साखर आधी कुणी वाटायची, बाळाचं तोंड आधी कुणी बघायचं. पण आईचा हात धरून ती बाकावर बसली आणि दोघी म्हाताऱ्या पदराने डोळे पुसत बसून राहिल्या. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा स्वतःच्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता.

सव्वा महिन्याने काकू सुनेला न्यायला आली. आमचं दार आणि तिचं दार एकमेकाला लागून, पण तिने फुलांच्या माळा घातलेली जीप आणली होती. सुनेने बाळाला घेऊन माहेराहून पायी जायची रीत नाही म्हणाली. मिनती आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. आई रडली. मीही बाजूला जाऊन स्कूटर पुसत राहिलो. काकू म्हणाली, “उगं रडून राहिल्या. भिंत तर एकच हाय.” जीपने सगळ्या गावाला फेरी मारली, मारुतीपाशी थांबली, शाळेपाशी थांबली आणि शेवटी येऊन शेजारच्या दारात उभी राहिली. चहा प्यायला मिनती संध्याकाळी आमच्याकडेच होती.

त्यानंतर काकूच्या घरात रोज भात शिजायला लागला. एकादशीला ती एकटीच उपास करायची आणि मिनतीला जवळ बसवून जेवायला लावायची. नातीला घेऊन गावभर फिरायची. आता ती सून आमच्यासारखी झाली असं सांगत नव्हती. “माझी सून ओडिशाची हाय,” असं सांगायची, आणि ओडिशा कुठं आहे ते कुणी विचारलं तर हात समुद्राकडे म्हणून कुठल्याही दिशेला करायची.

गेल्या वर्षी काकू गेली. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी सकाळी चहा मागितला आणि तो येण्याआधीच झोपल्यासारखी शांत झाली. मिनतीने फोडलेला टाहो आमच्या घरात ऐकू आला तेव्हा आई हातातलं टाकून भिंतीपाशी गेली. तिच्याशी भांडायला आता गावात कुणी उरलं नव्हतं.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सोपानच्या घरची सून माहेरी आली. ती झारखंडची. पहिलटकरीण. तिचं माहेर मिनतीच्या घरी धरलं होतं, सोपानच्या बायकोने स्वतः नारळ आणि खण आणून दिला होता. काकूच्या चुलीवर मासे आजही शिजत नाहीत. ते शिजतात आमच्याकडे, आणि आता ते आईच करते. मी शाळेतून आलो तेव्हा ती पोरगी आमच्या स्वयंपाकघरात ताटापुढं बसली होती. डोक्यावर पदर, हात मांडीत. सारखी दाराकडे बघत होती, कुणी बघतंय का म्हणून.

मिनती तिच्यासमोर बसली होती. “जेव बाई,” ती म्हणाली. “हितं सासू येत न्हाई. आमच्या गावात लई जुनी रीत हाय ही. ह्या गुरुजींना इचार.”

पोरीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी शाळेत इतिहास शिकवतो.

“हाव,” मी म्हटलं. “लई जुनी.”

तिने पदर थोडा मागे सारला आणि भातात हात घातला.